ओकायामाची बाराझुशी : भाताची जपानी कोशिंबीर

पुण्यात सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जाणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक असते, की त्या उद्यानाची आखणी जपानमधील ओकायामा शहरातील ‘कोराकुएन’ या ऐतिहासिक बागेच्या धर्तीवर झालेली आहे. मूळ कोराकुएन उभारले ते ओकायामाचा संस्थानिक इकेदा त्सुनामासा याने. १६८७ मध्ये सुरू झालेले काम १७०० मध्ये पुरे झाले. परंतु या त्सुनामासाच्या वडिलांचे, म्हणजे इकेदा मित्सुमासा (१६०९-१६८२) याचे नाव ओकायामात आणखी एका गोष्टीशी जोडले जाते. ती गोष्ट म्हणजे ‘बाराझुशी’ हा भाताचा पदार्थ. बाग पुण्यात आली, हा भात मात्र तिच्याबरोबर आला नाही. तो घरी करता येतो, आणि तो करण्यासाठी कच्च्या मासळीची, बांबूच्या चटईची किंवा महागड्या हॉटेलातील आचाऱ्याच्या हस्तकौशल्याची मुळीच गरज नसते.

‘बारा’ या शब्दाने मराठी वाचकाची थोडी फसगत होण्याचा संभव आहे. येथे त्याचा संख्येशी संबंध नाही. जपानीत ‘बारा’ म्हणजे सुटे, विखुरलेले. आंबट केलेला भात, त्यात कालवलेल्या आणि त्यावर पसरलेल्या निरनिराळ्या भाज्या, अंडे आणि मासळी असे याचे स्वरूप. जपानभर हाच प्रकार ‘चिराशीझुशी’, म्हणजे ‘विखुरलेली सुशी’, या नावाने प्रसिद्ध आहे. दर वर्षी ३ मार्चला मुलींसाठी साजऱ्या होणाऱ्या बाहुल्यांच्या सणाला, ‘हिनामात्सुरी’ला, घरोघरी तो केला जातो. तोक्योकडील उपाहारगृहांत भातावर कच्च्या मासळीचे काप मांडून देतात. पश्चिम जपानातील घरगुती रीत मात्र शिजवलेल्या जिन्नसांची आणि ते भातात मिसळण्याची आहे. आपल्या स्वयंपाकघराला हीच रीत अधिक जवळची वाटेल. दहीभातात दही जे काम करते, ते येथे व्हिनेगर करते. आणि कोशिंबिरीत जसे प्रत्येक भाजीचे पाणी, मीठ आणि चिरण्याची जाडी यांचे भान ठेवावे लागते, तसेच येथेही.

एक आमटी, एक तोंडीलावणे

मित्सुमासा हा कन्फ्यूशियसच्या विचारांचा, काटकसरी राज्यकर्ता म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. सामान्य रयतेच्या मुलांसाठी त्याने १६७० मध्ये स्थापन केलेली शिझुतानी शाळा आजही पाहायला मिळते. दंतकथा अशी, की त्याने रयतेला जेवणात एक आमटी आणि एकच तोंडीलावणे असावे असा हुकूम दिला. लोकांनी हुकूम पाळला. पण मासळी आणि भाज्या बारीक करून भातातच मिसळून टाकल्या. भात तर तोंडीलावण्यात मोजला जात नव्हता! दुसऱ्या पाठानुसार सगळे उंची जिन्नस डब्याच्या तळाशी दडवून वर साधा भात पसरत आणि जेवायच्या वेळी डबा उपडा करीत. कथा खरी की मागाहून रचलेली, हा प्रश्न बाजूला ठेवू. एवढे मात्र खरे, की ओकायामाच्या बाराझुशीत आजही जिन्नसांची रेलचेल असते. कोळंबी, माकुल, समुद्री वाम, व्हिनेगरात मुरवलेला सुरमईच्या कुळातील ‘सावारा’ मासा, कमळकाकडी, अळंबी, अंड्याची शेवयांसारखी बारीक पट्टी, हिरव्या शेंगा असे कितीतरी त्यात असते. सोबतीला ‘मामाकारी’ नावाचा चिमुकला मासाही येतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘उसना भात’. हा मासा इतका रुचकर, की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्याकडून आणावा लागतो, असे त्या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते.

सुशी म्हणजे कच्ची मासळी नव्हे

आपल्याकडे सुशी म्हटले, की कच्चा मासा डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः सुशीची ओळख भातात आहे. तिच्या नावातच आंबटपणाचा अर्थ आहे. मुळात हा मासळी टिकवण्याचा उपाय होता. खारवलेले मासे शिजलेल्या भातात महिनोन्महिने दाबून ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणाने मासा टिके, आणि खायच्या वेळी भात बहुधा टाकून दिला जाई. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात ‘फुनाझुशी’ या नावाने हा प्रकार अजून केला जातो. त्याचा वास नवख्या माणसाला सहजी सोसवत नाही. पुढे आंबण्याचा काळ कमी होत गेला, लोक भातही खाऊ लागले आणि अखेरीस थांबण्याऐवजी भातात थेट व्हिनेगर घालण्याची रीत रूढ झाली. नाकानो माताझाएमोन याने १८०४ मध्ये हांदा येथे साके या मद्याच्या चोथ्यापासून व्हिनेगर बनवण्याचा धंदा सुरू केला. ते स्वस्त व्हिनेगर एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, पोहोचले आणि तेथील झटपट सुशीला त्याचा मोठा हातभार लागला. तेव्हा घरी करताना सारे लक्ष भाताकडे द्यावे. भात साधला तर वर केवळ गाजर, काकडी आणि तीळ असले तरी पदार्थ जमतो. भात बिघडला तर उत्तम कोळंबीही तो सावरू शकत नाही.

तांदूळ कोणता?

बासमती येथे निरुपयोगी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. तांदळात दोन प्रकारचे पिष्ट असते. अमायलोज अधिक असेल तर शिजलेले शीत मोकळे राहते आणि गार झाल्यावर ताठरते. अमायलोज कमी, म्हणजे अमायलोपेक्टिन अधिक असेल, तर शीत मऊ राहते आणि शेजारच्या शिताला हलकेच धरून ठेवते. जपानी आखूड दाण्याचा तांदूळ दुसऱ्या प्रकारचा आहे. हा भात गार खायचा असल्याने हा गुण निर्णायक ठरतो.

मोठ्या शहरांतील निवडक दुकानांत ‘सुशी राइस’ नावाने आखूड दाण्याचा तांदूळ मिळतो. पण तो चांगलाच महाग असतो. महाराष्ट्रातील वाचकांजवळ त्याला एक चांगला पर्याय आहे, तो म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून तयार झालेला हा तांदूळ शिजल्यावर मऊ आणि चिकटसर होतो. त्याचा मंद सुवास जपानी तांदळात नसतो, परंतु व्हिनेगर आणि सोया सॉसच्या संगतीत तो खटकत नाही. आंबेमोहोराचा वास मात्र अधिक ठळक असल्याने तो बाकीच्या चवींवर मात करतो. एक गल्लत टाळावी. ‘चिकट तांदूळ’ म्हणून दुकानदार कधी कधी मोचीचा, म्हणजे जवळजवळ अमायलोज नसलेला पांढराफटक तांदूळ पुढे करतात. त्याचा गोळा होतो; तो या कामाचा नाही.

आंबटपणाचा प्रश्न

जपानी तांदळाचे व्हिनेगर सौम्य आणि किंचित गोडसर असते. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे स्वस्त पांढरे व्हिनेगर बहुधा सिंथेटिक, म्हणजे ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते. बाटलीवर तसे छापलेले असते. त्याचा वास नाकात चढतो. ते वापरायचे झाल्यास चार चमच्यांऐवजी तीन चमचे घेऊन त्यात एक चमचा पाणी घालावे. सफरचंदाचे व्हिनेगर त्यापेक्षा बरे. आणि काहीच नसेल तर लिंबू आहे. लिंबू घालणे हा जपानी रीतीचा अपमान ठरेल, असे मानण्याचे कारण नाही. जपानच्याच कोची प्रांतात ‘युझू’ या लिंबूवर्गीय फळाच्या रसाने भात आंबट करण्याची जुनी पद्धत आहे.

बाटलीवर ‘सुशी व्हिनेगर’ किंवा ‘सीझन्ड’ असे लिहिलेले असेल, तर त्यात साखर आणि मीठ आधीच घातलेले असते. असे व्हिनेगर घेऊन पुन्हा साखर-मीठ घातल्यामुळे बिघडलेला भात प्रस्तुत लेखकाने स्वतः खाल्लेला आहे.

भात करण्याची कृती

चार माणसांसाठी दोन वाट्या (सुमारे ३०० ग्रॅम) तांदूळ घ्यावा. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत चार-पाच वेळा हलक्या हाताने धुवावा. रगडू नये, दाणे तुटतात. नंतर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवावा. जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ आणि अडीच वाट्या पाणी घालावे. तांदूळ नवा असल्यास पाणी थोडे कमी आणि जुना असल्यास थोडे अधिक लागेल. पहिल्या खेपेला याचा अंदाज चुकला तरी दुसऱ्या खेपेला चुकत नाही. मिळाल्यास पाण्यात ‘कोंबू’ या समुद्री वनस्पतीचा दोन बोटे रुंदीचा तुकडा टाकावा आणि पाणी उकळू लागताच काढून घ्यावा. घट्ट झाकण ठेवून मोठ्या आचेवर उकळी आणावी, मग आच अगदी मंद करून दहा ते बारा मिनिटे शिजू द्यावे. आच बंद केल्यावर आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नये. भात नेहमीच्या मऊ भातापेक्षा किंचित ताठर व्हायला हवा, कारण त्यात अजून व्हिनेगर मुरायचे असते.

भात शिजत असताना चार मोठे चमचे (६० मिलिलिटर) तांदळाचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ एकत्र करून साखर विरघळेपर्यंत कोमट करावे, उकळू नये.

यानंतरची पाच मिनिटे सर्वात महत्त्वाची. जपानी घरांत यासाठी ‘हांगिरी’ नावाचे पसरट लाकडी पात्र असते. लाकूड जादा ओल शोषून घेते आणि भात हळूहळू निवतो. आपल्या जुन्या घरांत भाकरीचे पीठ मळण्याची लाकडी काथवट असे. ती माळ्यावर पडून असेल तर खाली काढावी, घासून पाण्याने ओलसर करून घ्यावी. हांगिरीचे काम ती निम्म्याहून अधिक करते. नाहीतर स्टीलची मोठी परात चालेल. पितळ, तांबे किंवा ॲल्युमिनियम नको. आम्लाची त्यांच्यावर क्रिया होते.

वाफाळता भात परातीत काढून त्यावर व्हिनेगरचे मिश्रण पळीवरून सर्वत्र शिंपडावे. भात गरम असतानाच हे करावे; गरम शीत ते आत ओढून घेते, गार शितावर ते नुसते चिकटून राहते. मग लाकडी उलथन्याची कड भातात सुरीसारखी उभी घालून भात कापल्यागत मोकळा करावा आणि उलटावा. ढवळू नये, दाबू तर मुळीच नये. मिश्रण मुरल्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पंख्याने वारा घालून घ्यावा. वाऱ्याने पृष्ठभागावरील ओल झटकन उडते आणि शितांवर तुकतुकी येते. भात अंगाइतका कोमट झाला, की ओल्या स्वच्छ कापडाने झाकावा. फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीने पिष्ट घट्ट होऊन शिते कडक होतात.

भातात काय, भातावर काय

येथे एक साधा विवेक आहे. ज्यात रस मुरला आहे आणि जे बारीक चिरता येते, ते भातात. जे दिसायला हवे, किंवा ज्याचे पाणी सुटते, ते वर.

भातात घालायच्या जिन्नसांत पहिला मान वाळवलेल्या ‘शिइताके’ अळंबीचा. पाच-सहा अळंबी गार पाण्यात चार-पाच तास भिजवाव्यात; गरम पाण्याने काम लवकर होते, पण चव उतरते. पातळ चिरून त्याच भिजवणाच्या पाण्यात दोन मोठे चमचे सोया सॉस आणि दोन मोठे चमचे साखर घालून रस आटेपर्यंत शिजवाव्यात. जपानी गृहिणी यात ‘मिरिन’ हे गोड मद्यही घालते. त्याविना अडत नाही. याच रसात शेवटी गाजराचे काडीसारखे काप टाकून मऊ करून घ्यावेत. जपानी कृतींत ‘कानप्यो’ नावाच्या वाळवलेल्या पट्ट्याही असतात. त्या ज्या फळाच्या असतात ते आपल्या दुधी भोपळ्याचेच भावंड, आणि जपानमधील बहुतेक सर्व कानप्यो तोचिगी या एकाच प्रांतात तयार होतो. आपल्या ताज्या दुधीला मात्र तो चिवटपणा येत नाही. तेव्हा हा जिन्नस वगळलेला बरा.

कमळकाकडी वगळू नये. सिंधी वस्तीच्या बाजारात ती हमखास मिळते. साल काढून पातळ चकत्या कराव्यात, काळ्या पडू नयेत म्हणून व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवाव्यात. छिद्रांत माती अडकलेली असते, ती नळाखाली धुऊन काढावी. दोन मिनिटे उकळून गरम असतानाच दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ यांत मुरत ठेवावी. कुरकुरीत राहायला हवी. तिच्या छिद्रांतून पुढचे आयुष्य स्वच्छ दिसावे, असा शुभसंकेत जपानी लोक मानतात. पाठ वाकेपर्यंत आयुष्य लाभो, हा तसाच संकेत कोळंबीचा.

अंड्याच्या शेवयांसाठी तीन अंडी, चिमूटभर मीठ, लहान चमचाभर साखर आणि चमचाभर पाण्यात कालवलेले थोडे कॉर्नफ्लोअर फेटून गाळून घ्यावे. तव्यावर तेलाचा नुसता हात फिरवून मंद आचेवर धिरड्याहून पातळ पापुद्रे काढावेत. त्यांवर डाग पडू देऊ नयेत. गार झाल्यावर गुंडाळी करून शक्य तितके बारीक चिरावे. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळून घ्यावे. मटारच्या चपट्या शेंगा किंवा कोवळी फरसबी मिठाच्या पाण्यात उकळून लगेच गार पाण्यात टाकली, की हिरवी राहते.

आता अळंबी, गाजर आणि निम्मी कमळकाकडी, सर्व नीट निथळून, मोठा चमचाभर भाजलेल्या तिळांसह भातात हलकेच मिसळावी. वर प्रथम अंड्याच्या शेवया पसराव्यात, त्यांवर कोळंबी, शेंगा, उरलेली कमळकाकडी आणि काकडी. ‘नोरी’ या समुद्री शेवाळाच्या पट्ट्या अगदी वाढताना घालाव्यात, नाहीतर त्या लिबलिबीत होतात. सोबत कोवळ्या आल्याचे पातळ काप क्षणभर उकळून, गोड व्हिनेगरात मुरवून द्यावेत. नळीतून मिळणाऱ्या हिरव्या वासाबीचा आग्रह धरू नये. ती बहुधा हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची रंगवलेली पेस्टच असते.

अंडे न खाणाऱ्यांनी पिवळ्या रंगासाठी उकडलेले मक्याचे दाणे घ्यावेत, आणि अळंबीच्या रसात शिजवलेले टोफूचे तुकडे घालावेत. मासळीचा अर्क टाळला आणि कोंबू व अळंबीच्या पाण्यावर काम भागवले, तर पदार्थ पूर्णतः शाकाहारी होतो, आणि तो तडजोडीचा वाटत नाही.

मुलांना मौज वाटावी असे वाटत असेल, तर दंतकथेतला दुसरा पाठ करून पाहावा. वाडग्याच्या तळाशी सगळी सजावट उलटी रचावी, वर भात हलक्या हाताने भरावा आणि वरणभाताची मूद पाडतो तसा वाडगा ताटात उपडा करावा.

मासळी शिजवूनच

बाजारातून आणलेली मासळी घरी कच्ची वापरू नये, मग ती कितीही ताजी असो. ताजेपणाचा आणि परजीवींचा संबंध नाही. सागरी माशांत ‘अनिसाकिस’ नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. व्हिनेगर, मीठ किंवा लिंबू यांनी त्या मरत नाहीत. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांनुसार कच्ची खायची मासळी उणे २० अंश सेल्सिअसवर किंवा त्याखाली सात दिवस गोठवावी लागते. घरगुती फ्रिजचा बर्फाचा कप्पा तितका थंड आणि तितका स्थिर राहीलच, असे नाही. शिवाय गोठवल्याने जिवाणू मरतात असेही नव्हे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि आजारी व वृद्ध माणसे यांच्या बाबतीत तर या प्रश्नावर चर्चाच नको. कोळंबीचा काळा दोरा काढून ती मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे, पूर्ण गुलाबी आणि आतून अपारदर्शक होईपर्यंत शिजवावी, मग सोलून वर थोडे व्हिनेगर शिंपडावे. पश्चिम जपानातील घरांतही ती अशीच शिजवून घालतात.

उरलेल्या भाताचे काय?

भात शिजताना ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूची बीजे मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला तर ती रुजतात, आणि त्यांतून निर्माण होणारे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. व्हिनेगरमुळे या जिवाणूची वाढ बरीच रोखली जाते. म्हणूनच सुशीची दुकाने भात फ्रिजबाहेर ठेवू शकतात; पण ती आम्लता मोजून ठेवतात, आणि घरात आपण अंदाजाने साखर वाढवतो, व्हिनेगर कमी करतो. त्यामुळे केलेला भात दोन-तीन तासांत संपवावा. मुंबईच्या मे महिन्यात त्याहूनही लवकर. कोळंबी आणि अंडे घातलेला हा भात सकाळी डब्यात भरून दुपारी खाण्याचा नाही.

तरीही उरलाच, तर वरची काकडी आणि नोरी बाजूला काढून भात लगेच झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो कडक झालेला असेल. त्यावर क्योतोच्या हिवाळ्यातील ‘मुशीझुशी’ हा उपाय आहे. मुशीझुशी म्हणजे वाफवलेली सुशी. भात चिनी मातीच्या वाडग्यात घालून मोदकपात्रात दहा-पंधरा मिनिटे, पार आतपर्यंत वाफाळेपर्यंत ठेवावा. आंबटपणा थोडा उतरतो, शिते पुन्हा मऊ होतात. वर अंड्याच्या ताज्या शेवया घालून गरमच खावा.